लेआऊटमागच्या मोकळ्या जागेचा सर्व्हे करायचा आहे, सुरुवात कुठून करू?

संत्रासाल
नमस्कार मंडळी. नागपुरात हुडकेश्वर-नरसाळा साइडला राहतो. आमच्या लेआऊटच्या मागं वीसेक एकर पडीत आहे, मधून नाला, काठानं पळस, दोन मोह, बाकी गवत अन् बाभळी. मागच्या आठवड्यात कोणतरी येऊन चुन्याच्या रेषा मारून गेलं तेव्हा आम्ही जागे झालो. सहा-सात जण मिळून ठरवून राहिलो की डीपी (शहराचा विकास आराखडा) रिवाइज होईल तेव्हा हातात नुसतं "झाडं वाचवा"चं निवेदन नको, आजूबाजूच्या अजून तीन-चार जागा धरून नीट सर्व्हे पाहिजे. पण मोजायचं काय? पोट्ट्यांनी दोन रविवारात ४३ पक्षी लिहून काढले, बायको म्हणते आता त्या यादीचं लोणचं घाला.

टिटवी_०७१२
वहिनींचं बरोबर आहे भाऊ 😄 मी स्वतः पक्षी पाहणारा आहे तरी सांगतो, "आमच्या भागात ४३ पक्षी" याचा नकाशावाल्याला काही उपयोग नाही, त्याला पाहिजे कोणत्या तुकड्यात काय. म्हणून आधी तुकडे पाडा, नाल्याचा काठ एक, गवत एक, झाडांचा पट्टा एक, अन् प्रत्येकाची वेगळी नोंद ठेवा. दुसरं म्हणजे एका सीझनवर जाऊ नका. सप्टेंबर-ऑक्टोबरात गवत तुऱ्यावर असते तेव्हा ओळखू येते, जानेवारीत पाहुणे पक्षी, अन् मे महिन्यात फक्त एवढंच पाहा की पाणी कुठं टिकून आहे.

अन् गवताला ओसाड नका लिहू बे! मागच्या उन्हाळ्यात एका लेआऊटमध्ये टिटवीची चार अंडी पाहिली, मुरमाच्या खड्यांत अशी मिसळलेली की मी दोन पावलांवर उभा अन् दिसेना, चारही अंड्यांची टोकं आत वळवून ठेवलेली. आठ दिवसांनी तिथं कोण्यातरी मंडळानं वृक्षारोपणाचे खड्डे खोदले. हेतू चांगलाच होता त्यांचा, पण जागा रिकामी समजली ना.

जुना_भूकरमापक
पक्षी नंतर, आधी कागद काढा. प्रत्येक तुकड्याचा सर्व्हे नंबर, सातबारा अन् गाव नकाशा. गाव नकाशात नाला कसा वळतो ते पाहा अन् आज कसा आहे ते पाहा. लेआऊट पडताना नाला हळूच सरळ होतो, बारीक होतो, कधी पाइपात जातो. नोकरीत हे इतक्यांदा पाहिलं की आता नवल वाटत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीट (चढउतार अन् नाले दाखवणारा नकाशा) पण घ्या, नागपूर शहर ५५ ओ/४ वर येते.

सातबाऱ्यावर "झुडपी जंगल" असा शब्द दिसला तर तिथंच थांबून नीट वाचा. हा आपल्या पूर्व विदर्भातल्या महसुली रेकॉर्डचाच प्रकार आहे. २२ मे २०२५ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं झुडपी जंगल म्हणजे वनजमीनच असं म्हटलं, १२ डिसेंबर १९९६ च्या आधी वाटप झालेल्यांचं प्रकरण वेगळं. वर एक झाड नसलं तरी कागद बोलतो.

नकाशेवाली
प्लॅनिंगमध्ये काम करते म्हणून थोडं लांबेल, सॉरी. एमआरटीपी कायदा (महाराष्ट्राचा नगररचना कायदा) १९६६ च्या कलम २५ मध्ये डीपीच्या आधी सध्याच्या जमीनवापराचा सर्व्हे अन् नकाशा करावाच लागतो, अन् घोळ तिथंच होतो, कारण त्या नकाशात तुमचं गवत "व्हेकंट" म्हणजे रिकामं म्हणून रंगवलं जातं आणि एकदा व्हेकंट लागलं की पुढं तिथं काहीही बसवता येतं. तुमचा सर्व्हे त्या टप्प्याला पोचला तर सोनं. डीपीचं प्रारूप छापून आल्यावर हरकतीला ३० दिवस मिळतात, त्यात सुरुवात करून काही होत नाही.

मी काय करते सांगते. प्रत्येक तुकड्याला एकच पान. सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, चार बाजूंनी फोटो, उतार कुठं, पावसाचं पाणी किती दिवस थांबतं, स्थानिक झाडं किती आणि सुबाभूळ-घाणेरी किती, शेजारच्या तुकड्याशी जोडलेलं आहे की भिंत आली. मग उत्तम, मध्यम, खराब असा शेरा. आणि कृपा करून सगळ्यांना उत्तम देऊ नका! दोन जागा खराब लिहिल्या की बाकीच्यांवर विश्वास बसतो.

शेवटी जागा नकाशावर आरक्षण म्हणून आली पाहिजे. पुण्यात २३ गावांच्या टेकड्यांवर ९७८ हेक्टर बीडीपी (जैवविविधता उद्यानाचं आरक्षण) आलं ते असंच. मोबदल्याचं भांडण तिथं वर्षानुवर्षं चाललं हेही खरं, खाजगी जमीन असेल तर त्या घरात आधी जाऊन बोला. आणि नुसता "पाणथळ" शब्द धरून बसू नका, २०१७ च्या नियमांत पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव धरलेलेच नाहीत, आपल्याकडचे बरेच तलाव तर बांधलेलेच.

धंतोलीतला_दादा
हे सगळं करून काय होणार बा. आम्ही फाइल दिली होती एका ऑफिसात, रंगीत प्रिंट काढून, सहा महिन्यांनी विचारलं तर कोणती फाइल म्हणे. मृदा सर्वेक्षण अन् भूमी उपयोग नियोजनाची राष्ट्रीय संस्था आपल्या अमरावती रोडवर, पर्यावरणवाली नीरी आपल्याकडं, रिमोट सेन्सिंगवाले व्हीएनआयटी कॉलेजात, तरी आमच्या नाल्यात गिट्टी.

नकाशेवाली
दादा, आवक नंबर घेतला होता का?

धंतोलीतला_दादा
नाही ना.

टिटवी_०७१२
😄😄 पण नाल्याचा विषय निघाला की आता लोक ऐकतात दादा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन लोकांच्या बेडरूममध्ये पाणी शिरलं, तेव्हापासून पूररेषा हा शब्द पानठेल्यावर पण चालते. अर्जात पक्षी खाली अन् पाणी वर लिहा.

संत्रासाल
सगळ्यांचे आभार. काल तलाठ्याकडून सातबारे काढले, पाचपैकी एका नंबरवर झुडपी जंगल निघालं, अन् तो नेमका मी सगळ्यात भिकार समजत होतो तो मुरमाड तुकडा. मोहवाला खाजगी आहे, मालक काकाजी शेजारच्याच गल्लीत राहतात, त्यांच्याकडं रविवारी चहाला जाऊन राहिलो. नाला गाव नकाशात दोन वळणं घेते, आता एकही नाही. टेप नेऊन तीन ठिकाणी रुंदी मोजली, वहीत लिहून ठेवली. ताई, तुमच्या त्या एका पानाचा नमुना टाकता का इथं?

नकाशेवाली
आज रात्री टाकते. रुंदी मोजली ती तारीख पण लिहा.