प्लिमथला मुलांसोबत जाणार असाल तर

आठ-नऊ वर्षांची मुलं अमेरिकेतल्या प्लिमथ पटक्सेट या संग्रहालयाला कंटाळतील का, असं एकाने विचारलंय. माझ्या मते मुळीच नाही, फक्त आधी थोडी कल्पना द्या. मॅसॅच्युसेट्समधल्या या संग्रहालयातल्या इंग्लिश वस्तीत १६२० च्या दशकातली माणसं 'राहतात', म्हणजे कलाकार त्या काळातले वसाहतकरी बनून बोलतात. फोन, विमान असलं काही त्यांच्या गावीही नसतं. तेव्हा मुलांना असे प्रश्न सुचवा: जेवायला काय केलंय? शाळा कुठंय? आमच्या धाकटीने 'काटा कुठंय?' विचारलं, तर वस्तीतल्या बाईंनी चमचा, सुरी आणि स्वतःची बोटं दाखवली. पोरगी खूश, घरी आता हाताने जेवायला आयतं कारण!

अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या भागात मात्र नाटक नसतं. तिथली माणसं स्वतः त्याच समाजांतली असतात आणि आजच्या काळातूनच बोलतात, त्यामुळे त्यांच्या पोशाखाला 'कॉस्च्युम' म्हणायचं नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. ओंडका निखाऱ्यांनी जाळत, मग खरवडत होडी कोरतात, तिथून पोरं हलायला तयार नव्हती. मेफ्लॉवर २ हे जहाज (ते वसाहतकरी ज्यातून आले त्या मेफ्लॉवरची प्रतिकृती) बंदरात, थोडं लांब आहे. हिवाळ्यात संग्रहालय बंद असतं, तारखा बघूनच निघा.