सरवा फक्त भुईमुगाचाच असतो का?

बहीण नाशिकरोडला एका शाळेत चित्रकला शिकवते. वर्गात लावायला तिनं फ्रेंच चित्रकार झां फ्रान्स्वा मिलेच्या १८५७ च्या चित्राचं प्रिंट आणलंय, कापणी झालेल्या शेतात तिघी बाया लोंब्या वेचतायत ते. खाली तिनं 'धान्य वेचणाऱ्या स्त्रिया' लिहिलं, मी म्हणलं 'सरवा वेचणाऱ्या' लिही, पीक काढल्यावर शेतात मागं राहतं तो सरवा, तर तिथल्या एक मॅडम म्हणाल्या सरवा फक्त भुईमुगाचा. माझी आजी सिन्नरची, ती गव्हालाही म्हणायची, पक्कं आठवतंय.

निफाडकर: गव्हाचा, ज्वारीचा, सगळ्याचा असतो. भुईमूग उपटून झाला की मालक सांगायचा आता सरवा करा, मग आम्ही पोरं खुरपी घेऊन माती उकरायचो, ढेकळात अडकलेली एकेक शेंग, दुपारपर्यंत जेमतेम ओटीभर. कांद्याला मात्र आमच्याकडं कोणी सरवा म्हणत नाही, मागं राहिलेली गोल्टी, म्हणजे बारीक कांदे, नुसती वेचायची.

शरणपूर रोड: मराठी बायबलात रूथची गोष्ट बघा. ती बवाजाच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागून सरवा वेचते आणि ती कापणी सातूची नि गव्हाची आहे, भुईमुगाचा संबंधच नाही. हा सरवा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडायचा असा बायबलात नियमच आहे, म्हणजे तो त्यांचा हक्क झाला. 'धान्य वेचणाऱ्या' मध्ये हे कुठं येतं? तांदूळसुद्धा आपण वेचतोच की. मिलेनं रूथ-बवाजवरही चित्र केलंय.

सातपूर: आजच्या पोरांना सरवा कळणार नाही, प्रमाण शब्दच लिहा.

निफाडकर: सरवा अप्रमाण कधी झाला? चित्र नीट बघा, मागं गंज्या, भरलेली गाडी, घोड्यावर मुकादम, आणि पुढं डावीकडच्या निळ्या रुमालवालीनं मूठभर काड्या पाठीमागं धरल्यात. सरवा म्हणजे तेवढ्याच. आमच्या आईची मूठ अशीच असायची.

गंगापूर रोड: मला वाटतं शब्द 'सरणे' वरून आला, पीक सरलं की उरतं ते.

सातपूर: नुसते आवाज जुळले म्हणून व्युत्पत्ती होत नाही, त्यातला 'वा' कुठून आला ते सांगा.

गंगापूर रोड: ओलावा, गोडवा मध्ये येतो तिथूनच.

सातपूर: ते ओला, गोड अशा विशेषणांपासून झालेत, क्रियापदापासून नाही.

बहिणीचं अजून एक अडलंय. मिले आधी फ्रान्समधल्या शेरबुरला पोर्ट्रेटं करायचा, त्यातलं पहिल्या बायकोचं, पोलीनचं, प्रिंट पण आहे, ती लग्नानंतर तीन वर्षांतच १८४४ ला गेली. त्याखाली 'व्यक्तिचित्र' लिहिलं तर मुलांना शब्दांतलं व्यक्तिचित्र वाटतं, विचारतात, हा धडा कुठल्या पुस्तकात आहे.

शरणपूर रोड: तसबीर लिहा.

सातपूर: तसबीर फारसीतून आलाय.

निफाडकर: फारसी असू दे हो, पण तसबीर म्हणलं की भिंतीवरचा हार घातलेला फोटोच डोळ्यापुढं येतो. ही बाई चित्र काढताना जिवंत समोर बसलेली होती.

गंगापूर रोड: मग शबीह?

सातपूर: ते पण फारसीतूनच.