शब्दचर्चा : अधोलोक, नरक, सुखलोक आणि ‘ख्रिस्तवासी’

बोरूबहाद्दर :
ख्रिस्ती श्रद्धांवरच्या एका इंग्रजी पुस्तिकेचं मराठीकरण हातात आहे. मरणानंतर आत्म्याचं काय होतं, या प्रकरणात चार वाक्यं अडली आहेत. कच्चा मसुदा असा :

१. मेल्यावर येशू नरकात गेला आणि तिसऱ्या दिवशी त्याचा पुनर्जन्म झाला.
२. कॅथलिकांच्या मते पापी माणसाचा आत्मा काही काळ नरकात राहून शुद्ध होतो.
३. ख्रिस्ती मतानुसार शेवटच्या न्यायापर्यंत आत्मा झोपलेला असतो.
४. कै. फादर अमुक यांच्या आत्म्यास सद्गती लाभो.

कानाला खटकतंय, पण नेमकं कुठे ते सांगा.

जुना करार :
पहिल्या वाक्यात दोन घोटाळे आहेत आणि दोन्ही मोठे.

‘नरकात गेला’ हे इंग्रजी मतांगीकारातून, म्हणजे श्रद्धेच्या ठरावीक कबुलीतून, आलंय. मूळ लॅटिनमध्ये ‘अद इन्फेरोस’ आहे, म्हणजे ‘खाली असलेल्यांकडे’, मेलेल्यांच्या जागी. मराठी प्रार्थनापुस्तकांत ‘अधोलोकात उतरला’ असं येतं आणि ते चोख आहे. अधोलोक म्हणजे हिब्रूतला ‘शिओल’, ग्रीकमधला ‘हेडीस’. तिथे चांगले-वाईट सगळेच जातात. योसेफ मेला असं समजून याकोब म्हणतो, मी शोक करत अधोलोकात माझ्या मुलाकडे जाईन (उत्पत्ती ३७:३५). तिथे ‘नरक’ घालून वाचा. बाप लेकाला नरकात भेटायला निघाला, असं होईल.

गोंधळाचं मूळ १६११च्या इंग्रजी बायबलात आहे. शिओल जुन्या करारात ६५ वेळा येतो. त्या भाषांतरात त्याला ३१ वेळा नरकाचा शब्द, ३१ वेळा कबरीचा आणि ३ वेळा खड्ड्याचा. इंग्रजीवरून मराठी करणारा त्या ३१ ठिकाणी हमखास फसतो. रूढ मराठी बायबल मात्र ‘अधोलोक’ सोडत नाही.

‘नरक’ राखून ठेवायचा तो ‘गेहेन्ना’साठी. हे यरुशलेमेच्या दक्षिणेचं हिन्नोमचं खोरं. तिथे मुलांची होमात आहुती दिली जाई, म्हणून यिर्मयाने त्या जागेला शाप दिला (अध्याय ७). नव्या करारात हा शब्द १२ वेळा आहे, ११ वेळा येशूच्या तोंडी आणि एकदा याकोबाच्या पत्रात. जाता जाता : पुस्तिकेत ‘तिथे शहराचा कचरा जळत असे’ हे वाक्य असेल तर गाळा. प्रवचनांत ते फार लाडकं आहे, पण त्याला प्राचीन आधार नाही. ते पहिल्यांदा सापडतं इ. स. १२००च्या सुमाराच्या एका ज्यू भाष्यकाराकडे.

हे दोन शब्द एकच नाहीत याचा पुरावा खुद्द प्रकटीकरणात, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, आहे (२०:१४). तिथे मरण आणि अधोलोक ही दोन्ही अग्निसरोवरात टाकली जातात. अधोलोक म्हणजेच नरक धरलात तर नरक नरकात टाकावा लागेल.

मुद्रितशोधक :
दुसरा घोटाळा ‘पुनर्जन्म’. हवा आहे ‘पुनरुत्थान’. पुनर्जन्मात देह बदलतो, आत्मा तोच राहतो. पुनरुत्थानात तोच माणूस देहासकट उठतो, कबर रिकामी होते. आणि योहानाच्या तिसऱ्या अध्यायातलं ‘नव्याने जन्मणे’ ही तिसरीच गोष्ट. ती जिवंतपणीच घडायची असते. तिन्ही शब्द एका पानावर आले की हात चुकतो. इब्री ९:२७ समोर ठेवा, म्हणजे चुकणार नाही : माणसाने एकदाच मरायचं आणि त्यानंतर न्याय.

लेखनाबद्दल : ‘पुनरुत्थान’मध्ये रु ऱ्हस्व. ‘पुर्नउत्थान’ हे तर पाट्यांवरही दिसतं, त्यात रफार भलत्याच जागी चढलेला असतो.

सुकेळी :
दुसऱ्या वाक्याने वसईतला कुठलाही कॅथलिक वाचक पुस्तिका मिटेल. ते नरकाबद्दल नाहीच, ‘शुद्धिस्थाना’बद्दल आहे. बोलताना ‘परगेटरी’ म्हणतात, गोव्याकडे कोंकणीत ‘पुर्गातोर’. शुद्धिस्थानातला आत्मा तरलेलाच असतो. देवाच्या कृपेत मेला, पण देवासमोर उभं राहण्याइतका निर्मळ झालेला नाही, एवढंच. तिथून वाट एकच, वर जाणारी. नरकाला परतीची वाट नाही. म्हणून ‘काही काळ नरकात’ हे कॅथलिक मत होऊच शकत नाही. ‘पापी माणूस’ही ढोबळ आहे. पश्चात्ताप न करता घातक पापात मेलेला शुद्धिस्थानात जात नाही.

‘स्थान’ शब्दावरही थोडं थांबा. दुसऱ्या जॉन पॉल पोपनी ४ ऑगस्ट १९९९च्या प्रवचनात स्पष्ट सांगितलं की ही जागा नव्हे, अस्तित्वाची अवस्था आहे. शब्द रुळलाय म्हणून ‘शुद्धिस्थान’ ठेवा, पण पुढचं क्रियापद जपून. ‘शुद्धिस्थानात डांबले जाते’ नको, ‘शुद्धिस्थानात शुद्ध होतो’ चालेल.

मुद्रितशोधक :
आणि ‘शुद्धीस्थान’ नको. समासातलं पहिलं पद तत्सम इकारान्त आहे, म्हणून ऱ्हस्वच : शुद्धिस्थान, अग्निसरोवर, मुक्तिदाता.

बोरूबहाद्दर :
मग मृतांसाठी प्रार्थना करतात ती कशासाठी? त्याला ‘श्राद्ध’ म्हटलं तर चालेल का? वाचकाला पटकन कळेल.

सुकेळी :
पटकन कळेल, पण चुकीचं कळेल. श्राद्धात पितरांना पिंड पोचवायचा असतो. इथे मृताला काही पोचवत नाहीत, त्याच्यासाठी देवाकडे मागतात. ‘मृतासाठी मिस्सा अर्पण करणे’ हा वापरातला प्रयोग. मिस्सा म्हणजे कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी. वर्षश्राद्धाच्या जागी ‘वर्षदिनाचा मिस्सा’ म्हणा.

२ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस. १९१५पासून त्या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा करण्याची मुभा आहे. १ ते ८ नोव्हेंबर रोज दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली तर पूर्ण दंडमुक्ती, म्हणजे माफ झालेल्या पापाच्या उरलेल्या दंडातून सूट, मिळते आणि ती फक्त मृतांच्याच नावे लागते. सोबत पापनिवेदन, ख्रिस्तशरीर स्वीकारणे, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची ओढ मनात नसणे, या अटी आहेत. पुस्तिकेत ‘पापमाफी’ लिहिलं असेल तर बदला. पाप पापनिवेदनात माफ झालेलं असतं. उरतो तो त्याचा दंड.

जुना करार :
इथे ‘ख्रिस्ती लोक मृतांसाठी प्रार्थना करतात’ असं सरसकट लिहू नका. मृतांसाठी चांदीची २००० द्राख्मा वर्गणी काढून यरुशलेमेला पाठवल्याचा उल्लेख २ मक्काबी १२ मध्ये आहे. ते पुस्तक कॅथलिकांच्या ७३ पुस्तकांत आहे, प्रॉटेस्टंटांच्या ६६ मध्ये नाही. अहमदनगर-सोलापूरकडच्या मंडळ्या प्रामुख्याने प्रॉटेस्टंट परंपरेच्या. तिथल्या स्मृतिसभेत उपकारस्तुती होते, मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी प्रार्थना होते, मृताच्या शुद्धीसाठी नव्हे. ऑर्थोडॉक्स तिसऱ्या, नवव्या आणि चाळिसाव्या दिवशी प्रार्थना करतात, पण शुद्धिस्थानाचा सिद्धान्त मानत नाहीत.

यावरूनच तिसरं वाक्य. त्यातला ‘ख्रिस्ती मतानुसार’ काढा, कारण झोपेबद्दल एकमत नाही. १३३१-३२ मध्ये बाविसाव्या जॉन पोपनी प्रवचनांत सांगितलं की अंतिम न्यायापर्यंत आत्म्यांना देवाचं पूर्ण दर्शन होत नाही. गदारोळ झाला. मरणशय्येवर त्यांनी ते मत मागे घेतलं. त्यांच्या वारसाने, बाराव्या बेनेडिक्टने, १३३६ मध्ये निकाल लावला : शुद्ध आत्म्याला मरणानंतर लगेच दर्शन होतं, पुनरुत्थानाची वाट न बघता. प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रणेता ल्यूथर झोपेच्या भाषेत बोले. दुसरा सुधारक कॅल्व्हिन, त्याने झोपेच्या मताविरुद्ध पुस्तकच लिहिलं आणि १६४६च्या वेस्टमिन्स्टर मतांगीकाराने ‘आत्मे मरत नाहीत आणि झोपतही नाहीत’ असं नोंदवून टाकलं. आज ‘झोप’ हा सिद्धान्त म्हणून मानणारा ठळक ख्रिस्ती पंथ म्हणजे सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट.

ओवीबंद :
पण ‘झोपी जाणे’ हा शब्द बायबलातच आहे ना? लाजर झोपला आहे, असं येशू म्हणतो.

जुना करार :
आहे, पण मराठीत ‘देवाघरी गेला’ म्हणतो तसा सौम्य शब्द म्हणून. इंग्रजी सेमेटरी ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थही ‘निजायची जागा’. वाद शब्दाचा नाही, त्यावर किती भार टाकायचा याचा आहे.

सगळ्यात मजेशीर जागा लूक २३:४३. येशू वधस्तंभावरच्या चोराला म्हणतो, ‘तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील.’ मूळ ग्रीक लेखनात विरामचिन्हं नव्हती आणि ‘आज’ हा शब्द बरोबर दोन वाक्यांच्या मधे पडलाय. बहुतेक भाषांतरं तो पुढच्या वाक्याला जोडतात : आजच सुखलोकात. झोप मानणारे मागच्याला जोडतात : मी तुला आज सांगतो. इंग्रजीत स्वल्पविराम इकडचा तिकडे केला की भागतं. मराठीत शब्दच उचलून ठेवावा लागतो, कुंपणावर बसता येत नाही. माझं मत रूढ पाठाच्या बाजूने आहे. ‘मी तुला खचीत सांगतो’ हे पालुपद शुभवर्तमानांत कितीतरी वेळा येतं आणि ‘आज’ त्याला एरवी कुठेच चिकटत नाही.

आणि ‘सुखलोक’च ठेवा, ‘स्वर्ग’ करू नका. मूळ शब्द इराणी, भिंतीने वेढलेल्या बागेचा. नव्या करारात तो फक्त तीनदा येतो.

ओवीबंद :
मग ‘आत्मा’ तरी बरोबर आहे का? आपल्याकडचा आत्मा अजन्मा. त्यांचा निर्माण केलेला.

जुना करार :
पर्याय नाही, पण सावध राहा. हिब्रू ‘नेफेश’ म्हणजे जीव. उत्पत्ती २:७ मध्ये माणसाला नेफेश मिळत नाही, माणूस नेफेश होतो, ‘जीवधारी प्राणी’. गणना ६:६ मध्ये तर प्रेतालाही नेफेशच म्हटलंय. ग्रीक ‘प्सुखे’ मार्क ८:३६ मध्ये मराठीत ‘जीव’ होतो आणि मत्तय १०:२८ मध्ये ‘आत्मा’. १ थेस्सल ५:२३ मध्ये ‘आत्मा, जीव व शरीर’ अशी तिन्ही एका रांगेत आहेत, म्हणून तिथे अदलाबदल अजिबात करायची नाही. बाकी ठिकाणी, मरणानंतर उरणारं ते ‘आत्मा’ आणि जगताना गमवायचं ते ‘जीव’, एवढं धरलंत तर क्वचितच अडेल.

ओवीबंद :
चौथ्या वाक्यातला ‘कै.’ म्हणजे शंकराच्या कैलासात. ‘ख्रिस्तवासी’ हा रुळलेला शब्द आहे, ‘पैगंबरवासी’सारखाच. ‘सद्गती’ही नको. गती म्हटलं की पुढचा जन्म आलाच. कॅथलिकांसाठी ‘चिरशांती लाभो’ चालेल. प्रॉटेस्टंट मजकुरात मृतासाठी मागणं आलं की तेही अडतं. तिथे ‘प्रभूमध्ये निद्रिस्त झाले’ असं सरळ विधान बरं.

गंमत अशी की इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्सनी १६१६ साली गोव्यात आपलं मराठी काव्य ख्रिस्तपुराण छापलं तेव्हा स्वर्गाला बिनधास्त ‘वैकुंठ’ म्हटलं. आणि कोंकणीत नरकाला आजही ‘यमकोंड’ आहे. तेव्हा परका शब्द शुद्ध करून घेता येतो, पण त्याला चारशे वर्षं द्यावी लागतात.

बोरूबहाद्दर :
सुधारून :

१. मरणानंतर येशू अधोलोकात उतरला आणि तिसऱ्या दिवशी त्याचे पुनरूत्थान झाले.
२. कॅथलिकांच्या मते देवाच्या कृपेत मेलेला, पण पूर्ण निर्मळ न झालेला आत्मा शुद्धिस्थानात शुद्ध होतो.
३. अंतिम न्यायापर्यंत आत्मा निद्रिस्त असतो, असे अ‍ॅडव्हेंटिस्ट मानतात. कॅथलिक व बहुतेक प्रॉटेस्टंट मानत नाहीत.
४. ख्रिस्तवासी फादर अमुक यांना चिरशांती लाभो.

मुद्रितशोधक :
पहिल्यात रु पुन्हा दीर्घ झालाय. बाकी छापायला हरकत नाही.