मदत हवी आहे: सूचनापेटीत नुसत्या चहाच्या तक्रारी!

साकीनाक्याला आमचं पॅकेजिंगचं छोटं युनिट आहे, ३२ माणसं. नव्या कल्पना याव्यात म्हणून गणपतीनंतर सूचनापेटी लावली. महिन्याने उघडली तर चार चिठ्ठ्या. तीन चहा पांचट असल्याच्या (खरंच आहे तो), चौथी कोरी.

पण परवा पाहिलं, कटिंगवरच्या मावशींनी टेबलाला सायकलची जुनी ट्यूब ताणून बांधलीय, पुठ्ठा सरकू नये म्हणून. विचारलं तर म्हणाल्या, "शेठ ओरडतील म्हणून बोलले नाही."

टोयोटात १९५१ पासून कामगारांकडून सूचना घेतात, बक्षीसही देतात. आमचे शेठ म्हणतात, पैसे दिले की भांडणं लागतील. तुमच्याकडे कुणी करून बघितलंय का? रोख द्यावं की सुट्टी? आणि लिहायला बिचकणाऱ्यांकडून कल्पना कशा काढून घेता?