चेहऱ्याला काय काय फासलंय? (फसलेले प्रयोग आधी)

रानजाई
बाबा जाऊन आता वर्ष होईल. काल शेवटी त्यांचा दाढीचा डबा उघडला. ब्रश, पात्यांची रिकामी पुडी आणि तळाला तुरटीचा खडा. वापरून वापरून मधे खळगा पडलेला. हातात घेतला आणि एकदम दहावीची सुट्टी आठवली.

तेव्हा कपाळभर मुरुमं. बाबांना दाढी करताना कापलं की तुरटीनं रक्त थांबतं, मग माझे फोड का नाही जाणार, असा साधा हिशोब. आठ दिवस चोरून, खडा ओला करून तोंडभर घासला. पहिले दोन दिवस कपाळ कसं कोरडं ठणठणीत! मामेबहिणीच्या हळदीला हसले आणि ओठाच्या कडेची कातडी चर्रकन उलली. त्यावर हळद. काय झोंबली म्हणून सांगू! मावश्या-माम्या वर म्हणतात, लग्नघरात तोंड का पाडून बसलीयेस. बाबांनी रात्री खडा बघितला, माझ्याकडे बघितलं, बोलले काहीच नाहीत. सकाळी डबा वरच्या फळीवर.

आता पंचेचाळिशीत गाल कोरडे आणि नाकावर तेलाचा घाणा. तुमचं लिहा.

चिंगी
लिंबू!!! अर्धं लिंबू थेट गालावर चोळून गच्चीत पापड राखायला बसले. दोन तास. पापड वाचले, गाल गेले. लिंबाच्या रसावर ऊन लागलं की कातडी भाजल्यासारखी होते हे तेव्हा कोण सांगणार. जिथे रस ओघळला तिथे तपकिरी ओघळ, दिवाळीपर्यंत. भाजी टाकलीय, येते परत

बोकोबा
पुरुषांना परवानगी आहे का? होस्टेलवर चार वर्षं एकच साबण. अंग, तोंड, बनियन. चेहरा असा ताणायचा की जांभई द्यायची चोरी. लग्नानंतर बायकोनं फेसवॉश आणला, मी पहिल्या दिवशी डोक्याला लावला.

चिंगी
😂😂 आणि बनियन?

बोकोबा
बनियनला वांग आले.

कुडाळची
कोकमतेल कुणीच कसं नाही लिहिलं? बियांचं तेल काढून मुठीनं गोळे वळतात, थंडीत नुसते दगड. चमचा तापवून पाठ गोळ्यावर टेकवायची, विरघळेल तेवढं ओठांना नि टाचांना. माझी कातडी कोरडी, मला गालालापण मानवतं. वहिनीनं माझं बघून लावलं, तिची तेलकट. आठवड्यात हनुवटीभर बारीक पुरळ. वर मलाच म्हणते तुमच्या गावचं तेल खवट!

मधुरा_२
माझं जरा लांबतंय, सॉरी. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग. शेजारच्या काकूंनी एक ट्यूब सांगितली, दुकानात चिठ्ठी न विचारता मिळाली. पंधरा दिवसांत चेहरा उजळ. हळदीकुंकवाला जी ती विचारते, काय लावतेस गं? मीपण हौसेनं चौघींना नाव सांगितलं. त्याचं अजून वाईट वाटतं.

तीन महिन्यांनी गॅससमोर उभं राहिलं की तोंडाची आग. पोळ्या करताना मधेच जाऊन फ्रीजचं दार उघडून उभी राहायचे. ट्यूब बंद केली की दुप्पट लाल, म्हणून परत लावायची. हनुवटीवर केस. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. चेहरा बघायच्या आधी त्या म्हणाल्या, ट्यूब आणलीय? बारीक अक्षरात मोमेटासोन. म्हणजे स्टिरॉइड. हे चिठ्ठीशिवाय द्यायचंच नसतं.

आठ महिने गेले निवायला. त्यात दिलं काय, तर साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. डाग थोडे आहेत अजून. असू देत.

रानजाई
अगं बाई. त्या चौघींचं काय झालं?

मधुरा_२
तिघींनी फोन केल्यावर लगेच फेकली. चौथी अजून बोलत नाही.

खमंग
मधुरा, सनस्क्रीन किती नंबरचं?

मधुरा_२
एसपीएफ ३०. ते उन्हातली कातडी भाजणारी यूव्हीबी किरणं साधारण ९७ टक्के अडवतं, ५० वालं ९८. डॉक्टर म्हणाल्या नंबर सोडा, उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत लावा. कोण लावतंय! मी एकदा डबे भरल्यावर, एकदा शाळा सुटायच्या आधी.

डोंबिवली_ते_टोरांटो
डोंबिवलीत लोकलमधून उतरले की माझ्या नाकावर पुऱ्या तळल्या असत्या. इथे हीटरच्या हवेत दुसऱ्याच हिवाळ्यात गालांचे पापुद्रे. आणि मी सवयीनं तोच तेलकट त्वचेचा फेसवॉश घासतेय! आता रात्री कोमट पाणी, चेहरा ओला असतानाच जाड क्रीम. बर्फ पडला की सनस्क्रीन आठवणीनं, बर्फावरून ऊन उलटं तोंडावर येतं. आई फोनवर विचारते, तिकडे मेलं ऊन आहे कुठे?

खमंग
मुलाचं चालेल? वय १७, गाल आणि पाठ दोन्ही. सासूबाई म्हणतात पोट साफ नाही. नवरा म्हणतो मोबाइल. डॉक्टरांनी बेन्झॉइल पेरॉक्साइड दिलं, रात्री पातळ थर. मुरुमं आटोक्यात आली, पण उशीचे अभ्रे, टी-शर्ट आणि माझ्या माहेरचा निळा टॉवेल, सगळ्यावर नारिंगी डाग. आठवडाभर मी कामाच्या ताईंना बोलतेय, ब्लीच का घालता. रंग उडतो तो त्या औषधानं, खोक्यावर लिहिलं होतं! माफी मागितली. त्यांनी पगारवाढ मागितली. दिली.

जुनी_पेठ
साय राहिली की. विरजणाच्या भांड्यात बोट घालून गालाला पुसायचो आणि आईचा धपाटा, तूप कमी पडतं म्हणून. आजीकडे मात्र अफगाण स्नो नावाचं क्रीम, तिच्या ट्रंकेत, आम्हाला हात लावायची बंदी. फेअर अँड लव्हलीचं २०२० साली ग्लो अँड लव्हली झालं, आमच्या वाण्याकडे अजून जुन्याच नावानं मागतात.

चिंगी
सायीवरून आठवलं, हल्ली माझं लोणीच निघत नाहीये. म्हशीचं दूध आहे तरी

जुनी_पेठ
उकाड्यात नाही निघत. ताक घुसळताना बर्फ घाल.

कुडाळची
विरजण किती दिवसांचं?

चिंगी
आठ. थांबा बघते

चिंगी
निघालं!!! एवढा मोठा गोळा. हात चोपडे होते, गालाला पुसले. उद्या सांगते

खमंग
गच्चीत जाऊ नकोस.