अंगात येणं, दर्शन, तंद्री: तुमच्या घरातलं लिहा

खासबाग_गल्ली
परवा रंकाळ्यावरून येताना लांबून हलगी-कैताळ ऐकू आलं आणि आत्या आठवली. 1998 चं नवरात्र. नऊ दिवस नुसत्या चहा-पाण्यावर, रात्री जागर. आरतीला ऊद पेटला की तिच्या अंगात यायचं. मी तिसरीत, माझ्याकडं पाय धरायचं काम. बर्फागत गार टाचा, आत वळलेले अंगठे, अजून हाताला जाणवतात. रांग गल्लीच्या टोकापर्यंत. कुणाला पोराचं लग्न विचारायचं, कुणाला बोअरचं पाणी. भानावर आली की मला हळूच विचारायची, "काय बोललो गं मी?"

दसरा झाला तरी थांबलं नाही. झोप गेली. एका पहाटे "आई बोलवायल्यात" म्हणत पंचगंगेत कंबरभर पाण्यात. आबांनी ओढून काढलं. डॉक्टरांनी विचारलं, शेवटची झोप कधी लागली? घरात एकालाही सांगता आलं नाही. सगळे पाया पडत होतो, आत्याकडं कुणी बघतच नव्हतं.

उद्यमनगर७
वाचून हात थांबला. आत्या आता कशा आहेत?

पन्हाळा_धुकं
माझं देवीचं नाही, ध्यानाचं. दहा दिवसांचं मौन शिबिर. सातव्या दिवशी कपाळात उजेड, इतका आनंद की रडलो. घरी आल्यावर तीन आठवडे झोप नाही, पाठीतून सारखे झटके. फोन केला तर शिबिरवाले म्हणाले, प्रगती आहे, चालू ठेवा. चालू ठेवलं, तीच चूक. पुढं काश्मिरी योगी-लेखक गोपी कृष्णांचं वाचलं. 1937 साली जम्मूत ध्यानाला बसलेले असताना कुंडलिनीचा अनुभव आला आणि नंतर कित्येक वर्षं हाल. वाटलं, चला, आपण एकटे नाही. पतंजलींनी तर योगसूत्रांच्या विभूतिपादातच सांगून ठेवलंय, 'ते समाधावुपसर्गा:', सिद्धी म्हणजे समाधीतला अडथळा. शिबिरात हे कुणी का सांगत नाही?

कसबा_बावडा_सिस्टर
ड्यूटीवरून लिहितेय. एक मुलगा यायचा, आधी जळका वास, मग देव दिसायचा. फिट होती. गोळ्यांनी थांबलं. उपवासाला फिटच्या गोळ्या बंद करू नका, हात जोडते. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर 14416, टेली मानस, फुकट आहे.

शाहूपुरीकर
सगळ्याला आजार म्हणू नका. आमच्या आईला चैत्र पौर्णिमेला जोतिबावर सासनकाठीपुढं वारं येतं. पाच मिनिटं. मग पाणी पिते, गुलाल झटकते, चालायला लागते. वर्षभर काही नाही.

खासबाग_गल्ली
@शाहूपुरीकर खरंय. तुमची आई पाणी पिते हो. आमचीला कुणी दिलंच नाही.

गडहिंग्लजची
माझ्या चुलतबहिणीला बाळंतपणानंतर आवाज ऐकू यायचे. मांत्रिकानं मिरचीची धुरी दिली, केस धरून आपटलं. मी दाराबाहेर बाळ घेऊन उभी. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हा सरळ गुन्हा आहे, आमचं त्याच्या आधीचं. कुकर झाला, येते नंतर.

उद्यमनगर७
ताई, नक्की या. बाळ आता केवढं?

गडहिंग्लजची
बारावीला. आईचा डबा घेऊनच कॉलेजला जातो 🙂

खासबाग_गल्ली
@उद्यमनगर७ आत्या बरी आहे, रात्रीची गोळी चुकवत नाही. ललितापंचमीला टेंबलाईला चालत जाते, पण आधी साबुदाणा पोटभर खाऊन.

शाहूपुरीकर
यंदा आई पण चालत जायचं म्हणतेय. बिंदू चौकात भेटू या का?