पारव्याचं पिल्लू उचललं, मग उडेपर्यंत सांभाळायचं की नाही?

मेहरूणकाठ, जळगाव
मार्चमध्ये कूलरच्या गवताच्या जाळ्या बदलायला मिस्त्री आला. कूलर हिवाळाभर मागच्या खिडकीलाच होता. तो सरकवला आणि मागचं पारव्याचं घरटं खाली कोसळलं. दोन पिल्लं होती. एक जागीच गेलं. दुसऱ्याचे डोळे नुकते उघडलेले, अंगावर पिवळी लव, चोच अंगाच्या मानाने केवढी तरी मोठी. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी त्याला टोपलीत घालून खिडकीतच ठेवलं. जोडी समोरच्या कठड्यावर येऊन बसायची, पण खिडकीपर्यंत येईना. रात्री घरात घेतलं. आज बारा दिवस झाले. चमच्याने दूध-पोळी भरवते आहे.

शेजारचे काका रोज सांगतात, "पारवं घरात ठेवू नये, टाका गच्चीवर." मला हे पटत नाही. घर आपल्या हातून मोडलं, तर ते उडेपर्यंत आपलंच देणं लागतं. तुम्हाला काय वाटतं?

भुसावळकर
तुमची कळकळ समजते ताई, तरी मी विरोधात आहे. आमच्या वडिलांच्या खोलीला लागून इमारतीचा डक्ट होता, त्यात वर्षानुवर्षं पारव्यांची वस्ती. वडिलांचा कोरडा खोकला हटेना, जिना चढताना धाप लागायची. औषधं दम्याची चालू होती. निदान झालं तेव्हा कळलं, विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसाला सूज येते, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. तोवर घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं होतं. २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयात गेला, त्याच्या मुळाशी हीच भीती होती. पारवा म्हणजे काही माळढोक नव्हे. एक पिल्लू कमी झालं तर जळगावात पारवे संपणार नाहीत. घरात म्हातारं माणूस किंवा दमेकरी असेल, तर आधी त्याचा विचार करा.

पांझराकाठ, धुळे
वाद नंतर करू, आधी ते दूध बंद करा! पक्ष्यांना गाई-म्हशीचं दूध पचत नाही. पारव्याचे आईबाप दोघंही पिल्लाला जे भरवतात ते त्यांच्या गळ्याखालच्या थैलीत तयार होतं. त्याला दूध म्हणतात, पण ते दह्याच्या कण्यांसारखं असतं. तुमच्या पिल्लाचं ते वय आता मागे पडलं आहे. वाटाणे आणि मक्याचे दाणे रात्रभर भिजवा, कोमट करा, चोच हलकेच उघडून एकेक दाणा जिभेच्या मागे ठेवा. ते स्वतः गिळतं. भरवल्यावर छातीवरची थैली बोटाने चाचपा. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी मऊ लागली पाहिजे. ती रिकामी झाल्याशिवाय पुढचं भरवायचं नाही. सकाळी उठल्यावरही ती भरलेलीच असेल तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

चमच्याने तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. वाटीत बोटभर पाणी घ्या आणि चोचीचं टोक त्यात टेकवा. पारवा चिमणीसारखी मान वर करून पीत नाही, चोच बुडवून ओढून पितो. खोक्यात तळाला गुळगुळीत कागद नको, पाय फाकतात. जुनं सुती कापड घाला.

आणि पिल्लाला माणसाचा हात लागला की आईबाप त्याला टाकतात असं लोक म्हणतात, ते खरं नाही. घरटं शाबूत असतं तर परत ठेवणं हेच पहिलं काम होतं. तुम्ही तो प्रयत्न केलात. तो फसल्यावर गच्चीवर टाकणं म्हणजे उन्हाला आणि कावळ्यांना देणं. एप्रिलमधली आपल्याकडची गच्ची कशी तापते ते सांगायला नको.

चोपड्याचा शेतकरी
ताई, मी एक पिल्लू वाढवलं होतं, म्हणून सांगतो, वाढवू नका. हातावर दादर ज्वारीचे दाणे घेतले की खांद्यावर येऊन बसायचं. पोरं "ये रे भो, ये रे भो" करून बोलवायची. मोठं झालं, उडायला लागलं, पण थव्यात कधी गेलंच नाही. कोणीही दिसलं की जवळ जायचं. एक दिवस शेजारच्या मांजरालाही घाबरलं नाही. खळ्यात फक्त पिसं सापडली. पोरगी दोन दिवस जेवली नाही. आपण त्याला जगवत नाही, त्याची भीती काढून घेतो. आणि भीती गेलेला पाखरू जगत नाही.

मेहरूणकाठ, जळगाव
दादा, तुमचं वाचून हात थांबला. पण हे न वाढवण्याचं कारण नाही, न लाडावण्याचं आहे. आजपासून पोरांना नाव ठेवायला आणि मांडीवर घ्यायला मनाई. भरवायला एकच माणूस, तेही न बोलता. स्वतः टिपायला लागलं की खोकं मागच्या गॅलरीत जाळीआड ठेवीन. समोरच्या कठड्यावर थवा बसतो, तो त्याला दिसत राहील.

भुसावळकर दादा, तुमच्या वडिलांचं वाईट वाटलं. आमच्या सासूबाईंना दमा आहे, म्हणून आजच खोकं स्वयंपाकघरातून हलवलं. पण "एक कमी झालं तर काय" हे मला मान्य नाही. ते एक माझ्या खिडकीतून पडलं.

भुसावळकर
सासूबाईंना दमा आहे तर गॅलरीचं दार बंद ठेवा. विष्ठा सुकी झाडू नका, पाणी शिंपडून ओल्या कागदाने उचला, तोंडाला मास्क लावा. माझं मत बदललेलं नाही. कूलरमागे यंदा जाळी ठोका, म्हणजे पुढच्या वर्षी हा प्रश्न येणार नाही.

पांझराकाठ, धुळे
जाळीबद्दल पूर्ण सहमत, फक्त ठोकण्याआधी आत अंडी-पिल्लं नाहीत ना ते बघा. ताई, साधारण चार-पाच आठवड्यांचं झालं की पंख जोरात फडफडवायला लागेल. दोन दिवस सलग स्वतः दाणे टिपतंय आणि पाणी पितंय याची खात्री झाल्यावरच सोडा, सकाळी, थवा समोर असताना.

मेहरूणकाठ, जळगाव
आज दुपारी वाटाणा भरवताना पहिल्यांदा माझ्या बोटावर पंखाचा फटका मारला आणि चोच कटकट वाजवली. शेपटीच्या नळ्या फुटून राखाडी पिसं बाहेर आली आहेत. पिवळी लव आता फक्त मानेवर उरली आहे.